मांडव्यापासून केरीपर्यंत सायकलने: खाड्या, नकाशा आणि सामान

मुंबई-गोवा सायकल प्रवासाची आखणी बहुतेक जण महामार्ग क्रमांक ६६ डोळ्यांपुढे ठेवून करतात आणि मग किनाऱ्याने जायचे ठरवले की तोच हिशेब सागरी मार्गालाही लावतात. तो चुकतो. महामार्गावर दिवसाचे अंतर पाय ठरवतात, किनाऱ्यावर ते खाडी ठरवते. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल अशी एकेक खाडी आडवी येते. काहींवर पूल आहेत, काहींवर फेरीबोट. शिवाय प्रत्येक खाडीशी रस्ता समुद्रसपाटीला येतो आणि ती ओलांडली की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो. सडा फार तर शंभर-दीडशे मीटर उंच, पण असे पाच-सहा चढ झाले की सत्तर किलोमीटरच्या दिवसात पाचशे ते नऊशे मीटर चढाई होते. ताम्हिणी किंवा आंबेनळीसारखा एक मोठा घाट नसल्यामुळे ती कागदावर दिसत नाही. मांड्यांत मात्र जाणवते.

म्हणून आखणी खाड्यांपासून सुरू करावी, गावांपासून नाही.

आधी खाड्या मांडा

एका कागदावर उत्तरेकडून दक्षिणेकडे फक्त पाण्याचे अडथळे लिहा. मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणाऱ्या) बोटीने किंवा गेटवेवरून लाँचने मांडवा. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि त्यांवर सायकल घेतील की नाही हे आदल्या दिवशी विचारावे लागते. रो-रोला तो प्रश्न येत नाही. पुढे रेवदंडा-साळाव पूल. मुरूडनंतर आगरदांडा-दिघी फेरी. हरिहरेश्वरजवळ बागमांडला-वेशवी फेरी. दापोलीच्या खाली दाभोळ-धोपावे फेरी. गुहागर तालुक्याच्या टोकाला तवसाळ-जयगड फेरी. रत्नागिरीनंतर जवळजवळ सगळे पूल. शेवटी गोव्याच्या हद्दीवर तेरेखोल-केरी फेरी.

प्रत्येक फेरीसमोर तीन गोष्टी लिहा: शेवटची बोट किती वाजता, ओहोटीला ती थांबते का, आणि बंद असेल तर पर्याय कोणता. पहिल्या दोन गोष्टी आदल्या रात्री मुक्कामाच्या घरीच विचाराव्यात, कारण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. तिसरी मात्र घरून निघतानाच माहीत हवी. तवसाळ-जयगड बंद असेल तर आत वळून राई-भातगाव पुलाने शास्त्री ओलांडता येते. वेशवीची बोट नसेल तर सावित्रीच्या काठाने वर आंबेत-म्हाप्रळपर्यंत जावे लागते आणि तो दिवस तिथेच संपतो. दाभोळला पर्याय जवळपास नाहीच: दापोली-खेड-चिपळूण करून गुहागरला उतरायचे तर शंभर किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. म्हणून दाभोळला दुपारी चारच्या आत पोहोचता येईल अशीच आखणी करावी. बोट चुकली तर दाभोळातच राहावे, रात्री वळशाला लागू नये.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे ठरले आहे आणि काहींची कामे सुरू आहेत. काही नकाशांत हे पूल आताच झाल्यासारखे दिसतात. खाडीवर सरळ रेघ दिसली की ती बोटीची आहे, पुलाची आहे, की अजून खांबच उभे असलेल्या पुलाची, हे उपग्रहचित्र उघडून पाहा.

मार्गरेषा स्वतः काढा

मोबाइलमधल्या नेहमीच्या नकाशाला "अलिबाग ते गुहागर" विचारले की तो गाडीचा वेळ वाचवतो आणि तुम्हाला वडखळ-माणगाव-चिपळूणकडे ढकलतो. सायकलसाठी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारे कोणतेही आखणीसाधन बरे, पण त्यालाही फेरी कळेलच असे नाही. नकाशातल्या फेरीच्या रेषेवर "सायकल चालते" अशी नोंद नसेल तर साधन ती टाळते आणि ऐंशी-शंभर किलोमीटरचा फेरा दाखवते. त्यामुळे सलग रेषा काढू नका. क्रम असा ठेवा:

१. प्रत्येक दिवसाची वेगळी फाइल करा, आणि फेरी असलेल्या दिवशी जेटीपर्यंत एक व जेटीपासून पुढे दुसरी.

२. दर दहा-पंधरा किलोमीटरवर रेषा हाताने ओढून हव्या त्या गावातून न्या. साधनाने सुचवलेला "जवळचा" तुकडा दिसला की उपग्रहचित्रात तो डांबरी आहे का ते पाहा. कोकणात वाडीतून खाली उतरणारी पाखाडीसुद्धा नकाशात रस्त्यासारखी दिसते, आणि पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या.

३. जीपीएक्स (मार्गरेषेची फाइल) उतरवताना "ट्रॅक" निवडा, "रूट" नको. ट्रॅकमध्ये रस्त्याचा प्रत्येक वाक बिंदूंनी भरलेला असतो. रूटमध्ये फक्त वळणे असतात आणि मधला रस्ता उपकरण स्वतःच्या मताने ठरवते.

४. उपकरणात "मार्ग चुकल्यास नवा मार्ग शोधा" ही सोय बंद करा. सर्वांत जास्त घोळ हिनेच होतो. चहासाठी दोनशे मीटर आत गेलात तरी उपकरण नवी रेषा काढते, आणि ती तुम्हाला महामार्गाकडे नेत असल्याचे दोन चढ झाल्यावर कळते.

५. चढाईच्या आकड्यावर सरसकट विश्वास ठेवू नका. उंचीची ही माहिती बहुधा तीस मीटरच्या चौकटींत मोजलेली असते. आरे-वारेसारख्या कड्यालगतच्या रस्त्यावर एका चौकटीत डोंगर आणि शेजारच्या चौकटीत समुद्र येतो, मग सपाट रस्त्यावरही पन्नास मीटरचे खोटे चढ दिसतात. पुलावर उलट होते: पूल सपाट असतो, आलेखात खड्डा दिसतो.

गावाचे नाव टाकून शोधताना तालुका नक्की बघा. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचे, रायगड जिल्ह्यातले, आणि एक हर्णैजवळचे, दापोली तालुक्यातले. दोन्ही याच वाटेवर. वेळासही दोन: एक दिवेआगरच्या शेजारी, दुसरे बाणकोटजवळ, कासवांसाठी प्रसिद्ध असलेले. मुक्कामाची खोली चुकीच्या मुरूडला ठरली तर मध्ये दोन फेऱ्या आणि दीड-दोन दिवसांची सायकल असते. देवबागची गोष्ट वेगळी. तारकर्लीवरून सरळ दक्षिणेला रस्ता जातो म्हणून वेंगुर्ल्याकडे तोच धरावासा वाटतो, पण ती वाळूची जीभ कर्ली नदीच्या मुखाशी संपते. पाहायला जरूर जा, पण परतीचे अंतर धरून.

कागद आणि विचारपूस

पडदा बंद पडतो, भिजतो, उन्हात दिसत नाही. त्यामुळे दिवसाची वळणयादी कागदावर हवीच. एका ओळीत तीन गोष्टी: सुरुवातीपासूनचे अंतर, वळण, आणि खूण. उदाहरणार्थ "२३.४, डावीकडे, तिठा, पुढे चढ". वीस ओळींच्या आत दिवस बसतो. कागद पारदर्शक पिशवीत घालून हँडलच्या पिशवीवर लावा. यादी उपयोगी पडायला सायकलमीटर बरोबर हवा. ७००×३५ टायरसाठी साधारण २१६८ मिलिमीटर परीघ टाकतात, पण सामान लादून, स्वतः बसून, व्हॉल्व्ह खाली असताना जमिनीवर खूण करून एक पूर्ण फेरा मोजलेला आकडा जास्त खरा असतो. एक टक्का फरक म्हणजे शंभर किलोमीटरला एक किलोमीटर, आणि कोकणात एका किलोमीटरमध्ये दोन तिठे येऊ शकतात.

रस्ता विचारायचीही पद्धत आहे. "गोव्याला कसं जायचं?" असे विचारले की समोरचा माणूस प्रेमाने तुम्हाला हायवेला लावून देतो, कारण त्याच्या दृष्टीने तोच चांगला रस्ता. पुढच्या दोन गावांची नावे घ्या: "हेदवीला खालून जायचं की सड्यावरून?" आणि सर्वांत उपयोगी प्रश्न: "एसटी कुठून जाते?" एसटी जाते तो रस्ता डांबरी असतो, त्यावरचे पूल धड असतात आणि वाटेत एखादे तरी दुकान भेटते. "जवळच आहे" या उत्तरात चढ धरलेला नसतो, तेवढे लक्षात ठेवा.

वीज

जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. विमान मोडमध्येही ठिकाण दिसते, फक्त नकाशा आधी उतरवलेला हवा. महाराष्ट्र आणि गोवा असे दोन्ही नकाशे दोन वेगळ्या अॅपमध्ये घरीच उतरवा. उपग्रह सापडायला नेटवर्कशिवाय जास्त वेळ लागतो, म्हणून सकाळी मुक्कामावरून निघण्याआधीच ठिकाण सापडले आहे ना ते बघून घ्या.

बॅटरी मुख्यतः पडदा खातो. पडदा बंद ठेवून वळणांच्या सूचना फक्त आवाजात घेतल्या तर दिवस सहज निघतो. १०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ५,००० चा फोन दोनदा भरेल असे वाटते, पण विजेचा दाब बदलताना वीज वाया जाते आणि प्रत्यक्षात दीडएक वेळाच भरतो. तेवढी पुरते, कारण इथे रोज रात्री वीज मिळते. अडचण वेगळीच असते, खोलीत एकच प्लग. तीन तोंडांचा छोटा चार्जर न्या. आणि महागडा फोन हँडलवर उघडा बसवू नका: सततच्या कंपनाने काही फोनच्या कॅमेऱ्याची स्थिर करणारी यंत्रणा बिघडते. तिथे जुना फोन किंवा सायकल कॉम्प्युटर लावा, चांगला फोन पिशवीत राहू द्या.

गिअर: इथे हिशेब करा

समजा सायकल, सामान आणि स्वार मिळून ९५ किलो. बारा टक्के चढावर ताशी सहा किलोमीटरने जायला पायांतून दोनशे वॅटच्या आसपास ताकद लागते. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असतील तर या वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम ४६ फेरे घेते. म्हणजे गुडघ्यांवर जोर, आणि तोही दिवसातून सहा वेळा. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर ५६ फेरे होतात, २२ आणि ३४ असतील तर सत्तरच्या वर. आपल्याकडच्या हायब्रिड सायकलींवर पुढे ४८-३८-२८ हा तिहेरी संच सर्रास असतो, आणि या वाटेला तो महागड्या रोड बाइकच्या दुहेरी संचापेक्षा सरस आहे. वजन जास्त म्हणून त्याला नाके मुरडू नयेत.

मागे १४-२८ चा फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) असेल तर १४-३४ बसवून घ्या, पण डिरेलरची, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राची, क्षमता तपासून. हिशेब सोपा: पुढच्या मोठ्या-लहान चक्रांतला फरक २० आणि मागचा फरक २०, मिळून ४० दात. लहान पिंजऱ्याचा डिरेलर एवढी सैल साखळी ओढून घेत नाही. साखळीही लांब लागते. डिरेलरमधून न ओवता ती पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून फिरवा, जिथे टोके भेटतात त्यापुढे एक इंच, म्हणजे बाहेरची एक आणि आतली एक कडी ठेवून तोडा. आखूड साखळीवर चुकून मोठे-मोठे गिअर पडले तर डिरेलर उखडतो, आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) फ्रेमनुसार वेगळा असल्यामुळे तो रत्नागिरीतही मिळेलच असे नाही. सुटा हँगर नेणे हा शंभर ग्रॅमच्या आतला विमा आहे.

टायर, ट्यूब आणि व्हॉल्व्ह

३२ ते ३८ मिलिमीटर रुंदी योग्य. ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये, ७५ किलोचा स्वार आणि मागे दहा किलो सामान असेल तर मागे ६० ते ६५ आणि पुढे ५० ते ५५ पीएसआय हवा ठेवा. टायरवर छापलेली कमाल हवा भरली तर उखडलेल्या डांबरावर सगळे धक्के मनगटांत जातात. फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चेपून दोन समांतर भोके पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

ट्यूबचा मुद्दा मात्र घर सोडण्याआधीच संपवायचा. गावातल्या सायकल दुकानात साध्या काळ्या सायकलीची २८×१½ ची ट्यूब मिळते. तिचे रिम ६३५ मिलिमीटरचे, तुमचे ७०० सी म्हणजे ६२२ मिलिमीटरचे. ट्यूब ताणते, त्यामुळे मापाने ती अडीनडीला चालते. अडते ते व्हॉल्व्हपाशी. प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्हच्या रिमला साडेसहा मिलिमीटरचे भोक असते आणि साध्या सायकलीचा जाड व्हॉल्व्ह त्यात जात नाही. श्रेडर, म्हणजे मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या रिमला साडेआठ मिलिमीटरचे भोक असते. त्यात दोन्ही बसतात आणि हवा कुठल्याही पंक्चरवाल्याकडे भरता येते. तुमचे रिम प्रेस्टाचे असेल तर तीन ट्यूब आणि पितळी अडॅप्टर न्या. श्रेडरचे असेल तर दोन पुरेत. पॅचचे सोल्युशन नवे घ्या, एकदा उघडलेली ट्यूब महिन्याभरात आतल्या आत वाळते. जुन्या टायरचा दोन इंचांचा तुकडाही ठेवा: टायर कडेला फाटला तर तो आतून लावून मुक्काम गाठता येतो.

पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. ट्रक जातात त्या रस्त्यांवर फुटलेल्या टायरमधल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. ती तार बाहेरून दिसत नाही आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत घेऊन बसते. जेटीवर आणि मासळी वाळवायच्या जागांवर शिंपल्यांच्या धारा असतात, तिथून सायकल हातात धरून न्या.

कॅरियर, ताऱ्या, हत्यारे

या वाटेवर रोज खोली आणि जेवण मिळते. तंबू, स्टोव्ह, चटई घरी ठेवा. सामान आठ-दहा किलोंच्या वर गेले तर पिशवी पुन्हा उघडून बघा. कॅरियरचे स्क्रू पाच मिलिमीटरचे असतात आणि कंपनाने ढिले होतात. त्यांना निळे लॉकिंग द्रव लावा आणि रोज सकाळी चावी फिरवून बघा. दोन जादा स्क्रू सुट्या डब्यात न ठेवता फ्रेमच्या रिकाम्या आट्यांत बसवून ठेवा, म्हणजे हरवत नाहीत.

सामान लादलेल्या सायकलीची मागच्या चाकाची, चक्रांच्या बाजूची तारी (स्पोक) तुटते. ३२ किंवा ३६ ताऱ्यांचे चाक असेल तर त्यावर पुढे जाता येते, २० ताऱ्यांचे असेल तर चाक लगेच ब्रेकला घासते. तुटलेली तारी शेजारच्या तारीला गुंडाळा. तिच्या दोन्ही बाजूंच्या ताऱ्या विरुद्ध बाजूच्या फ्लँजला (हबच्या कडेला) गेलेल्या असतात. त्या प्रत्येकी अर्धा आटा सैल करा, डोलणे बरेच कमी होते. तरीही घासले तर मागचा ब्रेक सैल सोडा आणि उतार सावकाश, गरज पडली तर चालत उतरा. चक्रांच्या बाजूची नवी तारी टाकायला फ्रीव्हील काढावे लागते, ते हत्यार गावात मिळेलच असे नाही. त्यासाठी धाग्याची तात्पुरती तारी मिळते, ती एक घ्यावी. बरोबर योग्य लांबीच्या तीन खऱ्या ताऱ्या फ्रेमच्या नळीला चिकटवून ठेवाव्यात.

बाकी हत्यारे थोडी: ४, ५, ६ च्या अॅलन चाव्या, टी-२५ (चांदणी तोंडाची) चावी, साखळी तोडायचे हत्यार, तुमच्या साखळीच्या मापाच्या दोन जोडकड्या, तारीची चावी, गिअरची एक आणि ब्रेकची एक आतली केबल, ब्रेक पॅडची एक जोडी, प्लास्टिकच्या पट्ट्या. यातली जी वस्तू घरी एकदाही वापरलेली नाही, ती वापरून बघितल्याशिवाय पिशवीत टाकू नये.

खारे पाणी आणि लाल धूळ

फेरीच्या डेकवर पाणी उडते, सड्यावर जांभ्याची धूळ बसते. दोन्ही मिळून साखळीवर वाळूच्या कागदासारखा लेप तयार होतो. रोज संध्याकाळी पाच मिनिटे द्या: गोड्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने साखळी आणि डिरेलर पुसा, कोरडे करा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका, दहा फेरे उलटे फिरवा आणि वरचे तेल पुसून काढा. पुसणे विसरले की धूळ दुप्पट चिकटते. निघण्याआधी पट्टीने साखळी मोजा: नवी साखळी पिनपासून पिनपर्यंत बारा इंचांत नेमकी बसते. एक सोळांश इंच वाढली असेल तर आधीच बदला, प्रवासात चक्रांसकट जाईल. डिस्क ब्रेकच्या पॅडवर अर्धा मिलिमीटर थर उरला की पॅड संपला असे धरा.

जेटीचा उतार ओहोटीला शेवाळाने बुळबुळीत होतो. तिथे सायकल चालवत उतरू नका. क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट असतील तर ते काढूनच उतरा. बोटीवर सायकल कठड्याला लावून पुढचा ब्रेक रबराने आवळून बांधा, डोलताना ती घरंगळत नाही.

दिवसाचा हिशेब आणि माघार

सत्तर किलोमीटर, चालता वेग ताशी साडेबारा, म्हणजे साडेपाच तासांहून थोडे जास्त. फेरीला पाऊण तास, खाणे-थांबणे-पंक्चर दोन तास. साडेसहाला निघालात तर दुपारी तीन. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे तीन तास हातात राहतात, आणि चुकलेली बोट त्या तीन तासांतूनच भरून काढायची असते. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे लांब पल्ल्याचे सायकल प्रवास, करणाऱ्यांना ६०० किलोमीटरसाठी ४० तास मिळतात. ते गणित मनात धरून इथे आलात तर बोटी सुटतील. मांडवा ते केरी आठ ते दहा दिवस ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, मार्चनंतर सड्यावर सावली शोधून सापडत नाही. चढ सुरू होण्याआधीच्या शेवटच्या दुकानात पाणी भरून घ्या आणि मिळेल तिथे मीठ घातलेले कोकम सरबत प्या.

सोडून द्यावे लागले तर आधार कोकण रेल्वेचा: खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. स्थानके किनाऱ्यापासून आत आहेत आणि बहुतेकांकडे जाताना चढ लागतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्याने निघू नका, टेम्पो करा. सायकल पार्सलमध्ये द्यायची तर पंप, दिवे, मीटर काढून घ्या आणि डिरेलरभोवती जाड पुठ्ठा बांधा.

शेवटच्या दिवशी रेडीहून तेरेखोलला पोहोचल्यावर समोर केरीचा किनारा दिसत असतो, पण ओहोटी फार असली की बोट थांबते. तासाभरात सुरू होणार असेल तर थांबा. नाहीतर मागे फिरून आरोंद्याला जा आणि किरणपाणीच्या पुलाने नदी ओलांडा. पुढे उजवीकडे वळत राहिलात की नदीच्या दुसऱ्या काठाने केरी येते.